हृदय, रक्त आणि रक्ताभिसरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी होते, पुढे अपवाद आणि अडचणीचे प्रश्न येतात. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. दुसऱ्या उत्तराचा आधार लागेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. वेगळं सांगितलेलं नसेल तर सगळे आकडे विश्रांतीत असलेल्या निरोगी प्रौढ माणसाचे आहेत.

१. हृदय नेमकं कुठे असतं? डावीकडे की मधोमध?

मधोमध. छातीच्या मधल्या हाडामागे, दोन फुप्फुसांच्या बेचक्यात. मात्र त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे असतो आणि खालचं टोक डावीकडे झुकलेलं असतं. हे टोक पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या फटीत छातीच्या भिंतीला आतून धडकतं, म्हणून ठोका डाव्या बाजूला जाणवतो आणि 'हृदय डावीकडे' असा समज होतो. वजन २५० ते ३५० ग्रॅम, आकार ज्याच्या त्याच्या मुठीएवढा. साधारण दहा हजारांत एखाद्याच्या शरीरात मांडणी आरशातल्यासारखी उलटी असते: हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे. असे बहुतेक लोक अगदी ठणठणीत असतात. कित्येकांना हे पहिला एक्स-रे काढल्यावरच कळतं.

२. चार कप्पे कशाला? एका पंपाने भागलं नसतं का?

हृदय हे दोन पंप आहेत. जागेने शेजारी, पण कामाने एकामागे एक. उजवा पंप रक्त फुप्फुसांकडे ढकलतो, डावा उरलेल्या सगळ्या शरीराकडे. प्रत्येकात वरचा पातळ कप्पा म्हणजे अलिंद आणि खालचा जाड कप्पा म्हणजे निलय. जुन्या पुस्तकांत यांनाच कर्णिका आणि जवनिका म्हटलेलं आढळेल.

दोन वेगळे पंप लागतात, कारण दोन्हीकडे दाब वेगळा हवा. फुप्फुसांतल्या केशवाहिन्या इतक्या नाजूक असतात की तिथे जास्त दाब दिला तर रक्तातलं पाणी झिरपून हवेच्या पिशव्यांत भरेल. म्हणून उजवं निलय पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटर दाबावर काम करतं, डावं १२० वर. भिंतींच्या जाडीतही तेच दिसतं: उजवीकडे ३ ते ४ मिलिमीटर, डावीकडे सुमारे १०.

दाब वेगळे असले तरी दर मिनिटाला दोघांनी ढकललेलं रक्त मात्र सारखंच असावं लागतं. हिशेब करून बघा. डाव्या निलयाने दर ठोक्याला उजव्यापेक्षा फक्त १ मिलिलिटर कमी ढकललं, तर मिनिटाला ७२ ठोक्यांच्या वेगाने पंधरा मिनिटांत एक लिटरहून जास्त रक्त फुप्फुसांत तुंबेल. तसं होत नाही, कारण हृदयाचा स्नायू जितका जास्त ताणला जातो तितक्या जोराने आकुंचन पावतो. ज्या बाजूला रक्त जास्त येतं, ती बाजू आपोआप जास्त बाहेर टाकते. हा नियम ऑटो फ्रँक आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघांच्या नावाने ओळखला जातो.

३. रक्ताचा पूर्ण फेरा क्रमाने सांगाल का?

शरीरभरचं रक्त दोन महाशिरांतून उजव्या अलिंदात येतं. तिथून त्रिदली झडपेतून उजव्या निलयात, फुप्फुस धमनीतून फुप्फुसांत, चार फुप्फुस शिरांतून डाव्या अलिंदात, द्विदली झडपेतून डाव्या निलयात आणि महाधमनीतून पुन्हा शरीरात. ओळीने महाधमनी, धमन्या, धमनिका, केशवाहिन्या, लहान शिरा, मोठ्या शिरा, महाशीर. विश्रांतीत या फेऱ्याला साधारण एक मिनिट लागतो.

रक्त वाहतं ते दाबाच्या उतारावरून. महाधमनीत सरासरी दाब ९३ च्या आसपास, केशवाहिनीच्या तोंडाशी सुमारे ३५, तिच्या शेवटाला १५ आणि उजव्या अलिंदात ० ते ५. सगळ्यात मोठा उतार धमनिकांमध्ये आहे. त्यांच्या भिंतीतले स्नायू आवळून किंवा सैल सोडून शरीर कुणाला किती रक्त द्यायचं ते ठरवतं.

हे वर्तुळ असतं, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ साली मांडलं. धमनीतून शिरेत रक्त जातं कसं, ते मात्र त्यांना दिसू शकलं नाही. १६६१ साली मार्चेल्लो माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि साखळीतली हरवलेली कडी मिळाली.

४. 'लब्-डब्' हा आवाज स्नायूच्या आकुंचनाचा असतो का?

नाही, झडपा मिटण्याचा असतो. निलयं आवळू लागली की अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपा मिटतात, तो लांबट 'लब्'. निलयं सैल पडली की महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांच्या तोंडाशी असलेल्या अर्धचंद्राकृती झडपा मिटतात, तो आखूड 'डब्'. या झडपांना चालवणारा स्नायू नसतो. ज्या बाजूला दाब जास्त, त्या बाजूकडून दुसरीकडे दारासारख्या ढकलल्या जातात. त्रिदली आणि द्विदली झडपांना खालून दोऱ्या बांधलेल्या असतात, पण त्या फक्त पाकळ्या मागे उलटू देत नाहीत.

झडप अरुंद झाली किंवा नीट मिटेनाशी झाली की रक्त खळाळतं आणि मधे फुसफुस ऐकू येते. लहान मुलांत, गरोदरपणात किंवा तापात झडपा चांगल्या असूनही असा आवाज येऊ शकतो, कारण प्रवाहच वेगवान झालेला असतो.

५. हृदयाला धडधडण्याचा हुकूम मेंदू देतो ना?

नाही. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो स्वतःहून विद्युत संदेश तयार करतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचं वर्णन केलं. संदेश आधी अलिंदांत पसरतो, मग अलिंद आणि निलयाच्या सीमेवरच्या गाठीत सुमारे ०.१ सेकंद रेंगाळतो. अलिंदांना आपलं रक्त खाली रिकामं करायला ही उसंत हवी असते. मग खास तंतूंवरून तो निलयांभर पसरतो.

मेंदूकडे फक्त लगाम आणि चाबूक आहे. मोकळं सोडलं तर हा पुंजका मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देईल. व्हेगस नावाची नस त्याला ७० वर आणून ठेवते. पुंजका बंद पडला तर मधली गाठ ४० ते ६० च्या वेगाने सूत्रं हाती घेते. तीही गेली तर निलयं २० ते ४० ने कशीबशी चालतात. या तिसऱ्या पायरीवर चक्कर, बेशुद्धी येऊ लागते. पेसमेकर लागतो तो बहुधा अशा वेळी.

६. हृदय जन्मभर विश्रांती घेत नाही, हे खरं का?

ऐकायला छान आहे, खरं नाही. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एक ठोका ०.८ सेकंदांचा. त्यात निलयं फक्त ०.३ सेकंद आवळतात आणि ०.५ सेकंद सैल असतात.

ही उसंत जेवणाच्या सुट्टीसारखी आहे, आणि तेही जवळजवळ शब्दशः. हृदयाच्या कप्प्यांतून मिनिटाला ५ लिटर रक्त जातं, पण भिंतीचा स्नायू त्यातून थेट काहीच उचलू शकत नाही. भिंत जाड आहे. त्याला रक्त देतात ते महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन हृदय धमन्या. डावं निलय आवळलेलं असताना भिंतीतल्या वाहिन्या चेपल्या जातात, त्यामुळे त्याला रक्त मुख्यतः सैल पडल्यावर मिळतं. ठोके वाढले की आकुंचनाचा वेळ थोडासाच कमी होतो, उसंत मात्र झपाट्याने आटते. म्हणजे भूक वाढते तेव्हाच सुट्टी कमी होते. शिवाय हृदय विश्रांतीतही रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन काढून घेतं. आणखी हवा असेल तर प्रवाह वाढवणं एवढाच मार्ग उरतो. अरुंद धमनी असलेल्या माणसाला जिना चढताना कळ येते आणि थांबल्यावर जाते, त्याचं कारण हे.

७. धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध, बरोबर?

ही व्याख्याच चुकीची आहे. हृदयाकडून दूर नेते ती धमनी (रोहिणी), हृदयाकडे आणते ती शीर (नीला). रक्तात ऑक्सिजन किती, याचा नावाशी संबंध नाही. फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, फुप्फुस शिरांत भरपूर असलेलं. गर्भाच्या नाळेतही असंच उलट असतं (प्रश्न २३).

'अशुद्ध' हा शब्दही दिशाभूल करतो. शरीरभर फिरून परत आलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन विश्रांतीत अजून ७५ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. आणि हे रक्त निळं नसतं, गडद लाल असतं; रक्त तपासायला देताना नळीत दिसतं तेच. शीर निळसर दिसते ती त्वचेमुळे. लाल प्रकाश त्वचेत खोल शिरून शिरेत शोषला जातो, निळा वरच्या वर विखुरून डोळ्यांकडे परततो.

८. केशवाहिन्या सगळ्यात बारीक, मग तिथे रक्त वेगाने का जात नाही?

नळीचं तोंड दाबलं की पाणी जोरात येतं, त्यावरून हा प्रश्न येतो. पण केशवाहिनी एक नसते. नदीला असंख्य फाटे फुटावेत तसं होतं आणि सगळ्या फाट्यांची मिळून रुंदी मूळ प्रवाहाच्या शेकडो पट होते. त्यामुळे महाधमनीत सेकंदाला सरासरी २० सेंटिमीटरच्या आसपास धावणारं रक्त इथे सेकंदाला मिलिमीटरभरसुद्धा सरकत नाही. केशवाहिनीची लांबी साधारण १ मिलिमीटर, म्हणजे देवाणघेवाणीला सेकंद-दोन सेकंद मिळतात. तेवढे पुरतात. तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची, केशवाहिनी अनेकदा त्याहून अरुंद. पेशी दुमडून, एकामागे एक जातात.

सगळ्या वाहिन्या जोडल्या तर एक लाख किलोमीटर होतात, हे वाक्य बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मुळात तो आकडा ऑगस्ट क्रोग यांनी एका अवाढव्य, भरपूर स्नायूंच्या काल्पनिक देहावरून काढला होता. अलीकडचे अंदाज ९,००० ते १९,००० किलोमीटर म्हणतात. तेही काही कमी नाही.

९. शरीरात रक्त किती असतं आणि त्यात काय काय असतं?

वजनाच्या दर किलोला सुमारे ७० मिलिलिटर. ७० किलोच्या माणसात जवळपास ५ लिटर. त्यातला ५५ टक्के भाग फिकट पिवळा रक्तद्रव, ज्यात बहुतांश पाणी आणि बाकी प्रथिनं, क्षार, साखर, संप्रेरकं. उरलेला बहुतेक भाग तांबड्या पेशी. त्या १२० दिवस जगतात आणि अस्थिमज्जा सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या तयार करते. एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,००० आणि प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात.

एका वेळी यातलं ६० टक्क्यांहून जास्त रक्त शिरांमध्ये असतं. शिरा म्हणजे शरीराची टाकी.

१०. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, तरी दम लागतो. यंत्र बिघडलंय का?

बहुधा नाही. यंत्र सांगतं ते फक्त हिमोग्लोबिनच्या किती टक्के जागा भरल्या आहेत ते. हिमोग्लोबिन आहे किती, ते सांगत नाही. १ ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम असेल तर सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन, ७ ग्रॅम असेल तर साडेनऊच्या आसपास. दोन्ही वेळा ऑक्सिमीटर ९८ च दाखवेल. पंडुरोगात हृदय ही तूट जास्त रक्त फिरवून भरतं. धडधड होते ती त्यामुळे.

यंत्र फसण्याची कारणंही आहेत. थंडगार बोटं, गडद नेलपॉलिश, हात हलणं. त्वचा गडद असेल तर आकडा खऱ्याहून थोडा जास्त येऊ शकतो. आणि सगळ्यात धोकादायक म्हणजे बंद खोलीत कोळसा किंवा जनरेटर चालवून झालेली कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा: हिमोग्लोबिन भलत्याच वायूने भरलेलं असतं आणि यंत्र 'सगळं ठीक' म्हणतं.

११. रक्त जखमेवर गोठतं, मग वाहिनीत का गोठत नाही?

वाहिनीच्या आतल्या अस्तरामुळे. ते सतत नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडत असतं, म्हणून प्लेटलेट चिकटत नाहीत. जखम झाली की अस्तर फाटून खालचे तंतू उघडे पडतात. वाहिनी आवळते, प्लेटलेट चिकटून कच्चा बोळा बसवतात, मग गोठणघटकांची साखळी सुरू होऊन फायब्रिनचं जाळं त्याला पक्कं करतं. या साखळीला कॅल्शियम लागतं. रक्तपिशवीत सायट्रेट घालतात ते कॅल्शियम बांधून ठेवण्यासाठी.

वाहिनीत गुठळी होण्याची कारणं तीन: अस्तराला इजा, रक्त साचून राहणं, किंवा रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. जखमेतून जोरात रक्त येत असेल तर स्वच्छ कापड ठेवून थेट आणि सलग दाबून धरा. थांबलं का ते बघायला सारखं उचलू नका. प्रत्येक वेळी तो कच्चा बोळा निघून येतो.

१२. माझा गट ओ पॉझिटिव्ह. मी कुणालाही रक्त देऊ शकतो ना?

तांबड्या पेशी फक्त पॉझिटिव्ह गटांना. सगळ्यांना चालतात त्या ओ निगेटिव्हच्या, आणि त्याही गट तपासायला वेळ नसेल तेव्हा. तांबड्या पेशींवर ए किंवा बी प्रतिजन, म्हणजे ओळखखुणेसारखे रेणू, असतात. जे नसतात त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तद्रवात आधीपासून तयार असतात. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली हे गट वर्णिले. रक्तद्रव देताना सगळं उलटं होतं: एबी गटाचा रक्तद्रव कुणालाही चालतो, ओ गटाचा फक्त ओ ला.

खरा चकवा बॉम्बे गटाचा. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच प्रतिजनच या लोकांत नसतो. साध्या तपासणीत गट 'ओ' येतो, पण ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर असतो आणि यांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं असतात. ओ गटाचं रक्त दिलं तर जिवावर बेततं. त्यांना बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो प्रथम नोंदवला, म्हणून हे नाव. पेशींबरोबर रक्तद्रवाचीही तपासणी केली तर हा गट निसटत नाही.

१३. आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह असेल तर पहिल्या बाळाला धोका असतो का?

सहसा नाही; धोका पुढच्या बाळाला. प्रसूतीच्या वेळी बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि तिचं शरीर डी प्रतिजनाविरुद्ध (तो पेशींवर असला तर गट पॉझिटिव्ह, नसला तर निगेटिव्ह) प्रतिपिंडं बनवायला शिकतं. ही प्रतिपिंडं वार ओलांडू शकतात आणि पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणून अँटी-डी इंजेक्शन साधारण २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांत देतात. गर्भपातानंतरही त्याची गरज पडू शकते, आणि नेमकं तिथेच ते राहून जातं. प्रतिपिंडं एकदा तयार झाली की इंजेक्शनचा उपयोग नसतो.

१४. बीपीचे दोन आकडे कशाचे?

वरचा, डावं निलय आवळतं तेव्हाचा धमनीतला कमाल दाब. खालचा, ते सैल असतानाचा किमान. खालचा शून्यावर जात नाही, कारण ठोक्याबरोबर फुगलेली महाधमनी रबरासारखी परत आवळत रक्त पुढे ढकलत राहते. वय वाढलं की ती ताठ होते. म्हणून अनेक वयस्कांत वरचा आकडा वाढतो आणि खालचा उलट उतरतो.

पट्टा फुगवून धमनी बंद करायची आणि हळूहळू हवा सोडायची. आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, पूर्ण बंद होतो तो खालचा. ही आवाजाची पद्धत निकोलाय कोरोटकोव्ह यांनी १९०५ साली सांगितली.

१५. घरी मोजताना दर वेळी वेगळा आकडा येतो. कोणता खरा?

सगळेच, आपापल्या क्षणाचे. पण मोजण्यातल्या चुका आधी काढा. अर्धा तास आधीपासून चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपरापासून दोन बोटं वर. दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला हवा. तो १० सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा सुमारे ८ ने वाढतो. मोजताना बोलू नका. मिनिटभराच्या अंतराने दोन वेळा मोजून सरासरी लिहा.

जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच चढतो. विकत घेताना दंडाचा घेर मोजून घ्या. स्वयंचलित यंत्र आवाज ऐकत नाही, पट्ट्यातली थरथर मोजून आकडे गणिताने काढतं. ठोके अनियमित असतील तर ते गणित गडबडतं. अशांनी किमान तीनदा मोजावं आणि अधूनमधून डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहावं. घरच्या सरासरीची मर्यादा दवाखान्यापेक्षा कमी धरतात: १४०/९० ऐवजी १३५/८५.

१६. पटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी का येते?

उभं राहिल्याबरोबर ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त पाय आणि पोटाच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, दाब पडतो. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब ओळखणाऱ्या नसा काही सेकंदांत ठोके वाढवतात, वाहिन्या आवळतात. पाण्याची कमतरता, बीपीची किंवा प्रोस्टेटची काही औषधं, मधुमेहाने बिघडलेल्या नसा, यांमुळे हे उशिरा होतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवा. तोवर पलंगाच्या काठावर मिनिटभर बसून, पोटऱ्या चार-सहा वेळा आवळून मग उठा.

घेरी येऊन पडलेल्याला धरून उभं करू नका. आडवं ठेवा, पाय वर करा.

१७. दिवसभर उभं राहिलं की पाय का सुजतात?

पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीच्या स्नायूंच्या पिळण्याने. शिरांतल्या झडपा ते खाली उतरू देत नाहीत. स्थिर उभं राहिलं की हा पंप बंद पडतो, शिरांतला दाब वाढतो आणि केशवाहिन्यांतून पाणी ऊतींत झिरपतं. झिरपलेलं पाणी लसीका वाहिन्या परत आणतात, पण त्यांच्याही क्षमतेला मर्यादा आहे. झडपा कायमच्या ढिल्या झाल्या की शिरा फुगून वेड्यावाकड्या दिसतात.

दोन्ही पाय सुजणं आणि बोटाने दाबल्यावर खड्डा पडणं हे हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारातही होतं. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर खोल शिरेत गुठळी असू शकते. चोळू नका, त्याच दिवशी तपासून घ्या. ती सुटून फुप्फुसात अडकू शकते.

१८. नाडी ४८ आहे. घाबरायचं का? आणि मधेच ठोका चुकतो त्याचं काय?

रोज धावणाऱ्या-पोहणाऱ्या माणसाचं निलय एका ठोक्यात जास्त रक्त टाकतं, म्हणून ४० ते ५० वरही काम भागतं. झोपेतही नाडी इतकी उतरते. त्रास नसेल तर काळजी नको. चक्कर, थकवा, दम असेल तर ईसीजी हवा.

चुकलेला ठोका बहुधा चुकलेला नसतो, लवकर आलेला असतो. तो अर्ध्या भरलेल्या निलयाचा असल्याने मनगटावर जाणवत नाही. पुढच्या लांब उसंतीत निलय जास्त भरतं आणि नंतरचा ठोका छातीत धप्पकन लागतो. अधूनमधून हे बहुतेकांना होतं. नाडी सलग अनियमित असणं मात्र वेगळं. त्यात अलिंदात गुठळ्या होऊन पक्षाघाताचा धोका असतो.

१९. रिपोर्टमध्ये ५० टक्के ब्लॉकेज आहे. म्हणजे हृदयाला अर्धंच रक्त मिळतंय?

नाही. धमनी अरुंद झाली की पुढच्या धमनिका सैल पडून तूट भरतात. व्यास साधारण ८५ टक्के घटेपर्यंत विश्रांतीतला प्रवाह टिकतो. श्रमात वाढायची क्षमता मात्र ५० टक्क्यांपासून घसरू लागते. उलट बाजूही ध्यानात घ्या. मध्यम अरुंद, काहीच त्रास न देणारा थर अचानक फाटून त्यावर गुठळी बसली, तर काही मिनिटांत धमनी पूर्ण बंद होऊ शकते. म्हणून टक्क्यांइतकंच महत्त्व तंबाखू सोडण्याला, कोलेस्टेरॉल आणि बीपी आटोक्यात ठेवण्याला आहे.

२०. हार्ट अटॅक, कार्डिअ‍ॅक अरेस्ट आणि हार्ट फेल्युअर एकच ना?

तीन वेगळ्या गोष्टी. अटॅक म्हणजे हृदय धमनी बंद पडून स्नायूचा भाग मरू लागणं. माणूस बहुधा शुद्धीवर असतो. छातीच्या मध्यभागी दडपण, जबडा-खांदा-हातात कळ, घाम. स्त्रियांत, वयस्कांत आणि मधुमेहींत कधी फक्त दम किंवा मळमळ. सुमारे वीस मिनिटांनंतर पेशी मरायला लागतात, तेव्हा अ‍ॅसिडिटी समजून थांबू नका. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

अरेस्ट म्हणजे पंप थांबणं. माणूस कोसळतो, प्रतिसाद देत नाही, श्वास थांबतो किंवा अधूनमधून आचके येतात. हे आचके म्हणजे श्वास नव्हे. रुग्णवाहिका बोलवायला सांगून लगेच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर तळहाताची टाच ठेवून दाबा: ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. प्रशिक्षण असेल तर ३० दाबांमागे २ श्वास, नसेल तर नुसतं दाबत राहा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. शॉकचं यंत्र मिळालं की चालू करा, ते पुढच्या सूचना देतं. सिनेमात सपाट रेषेवर शॉक देतात; प्रत्यक्षात शॉक कामी येतो तो निलयांची नुसती थरथर किंवा बेफाम धावपळ चालू असताना.

फेल्युअर म्हणजे पंप चालू आहे, पण गरजेला पुरत नाही. हे बहुधा हळूहळू येतं: आडवं झाल्यावर दम लागणं, पाय सुजणं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं.

२१. ईसीजी नॉर्मल आला. म्हणजे हृदय उत्तम?

ईसीजी दहा सेकंदांची विद्युत नोंद आहे. अरुंद धमनी विश्रांतीत पुरेसं रक्त देत असेल (प्रश्न १९), तर आलेख निर्दोष येतो. अटॅकच्या सुरुवातीलाही तो नॉर्मल असू शकतो, म्हणून काही वेळाने पुन्हा काढतात आणि इजा झालेल्या हृदयस्नायूतून रक्तात उतरणारं ट्रोपोनिन तपासतात. झडपा आणि पंपाची ताकद बघायला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागतो. इकोत दर ठोक्याला निलय किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते कळतं. ५५ ते ७० ठीक. १०० कधीच नसतं, तेव्हा ६० वाचून '४० टक्के गेलं' असं समजू नका.

२२. रक्तदानानंतर रक्त किती दिवसांत भरून येतं?

द्रव एक-दोन दिवसांत, तांबड्या पेशी चार ते आठ आठवड्यांत, लोह सगळ्यात उशिरा. ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं आणि अन्नातून रोज शोषलं जातं साधारण १ ते २. नियमित दात्यांनी हिमोग्लोबिनसोबत कधीतरी लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही तपासावं. साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन बराच काळ ठीक दिसतं.

२३. गर्भाची फुप्फुसं बंद असतात, मग उजवा पंप काय करतो?

रक्त वळसा घालून पाठवतो. ऑक्सिजन येतो वारेतून, नाळेतल्या शिरेने. दोन्ही अलिंदांमधल्या पडद्याला एक झडपेसारखं छिद्र असतं आणि फुप्फुस धमनीतून महाधमनीत जाणारी एक आडवाट. बाळ पहिला श्वास घेतं तशी फुप्फुसांतल्या वाहिन्या उघडतात, डाव्या अलिंदातला दाब उजव्यापेक्षा वाढतो आणि छिद्रावरचा पडदा मिटतो. आडवाट पहिल्या काही दिवसांत आवळून बंद होते. पडदा पुढे कायमचा चिकटतो, पण चारांतल्या एका प्रौढात तो पूर्ण चिकटलेला नसतो आणि बहुतेकांना त्याचा आयुष्यभर काहीही त्रास होत नाही.

२४. प्रत्यारोपणात हृदयाच्या नसा तोडतात. मग ते धावताना वेग कसा वाढवतं?

रक्तातून येणाऱ्या अ‍ॅड्रेनॅलिनवर. व्हेगसचा लगाम सुटलेला असल्याने (प्रश्न ५) असं हृदय विश्रांतीतही मिनिटाला ९० ते ११० ने चालतं. व्यायाम सुरू केला की वेग लगेच वाढत नाही, संप्रेरक रक्तातून पोचल्यावर काही मिनिटांत चढतो. थांबल्यावर उतरायलाही तसाच वेळ लागतो. म्हणून या रुग्णांना सुरुवातीला आणि शेवटी पाच ते दहा मिनिटं सावकाश चालायला सांगतात. वेदनेच्या नसाही तुटलेल्या असल्याने धमनी अरुंद झाली तरी छातीत कळ बहुधा येत नाही. त्रास नसला तरी त्यांना ठरलेल्या मुदतीने तपासण्या कराव्या लागतात त्या यासाठी. काहींत वर्षा-दोन वर्षांत काही नसा पुन्हा वाढून जोडल्या जातात.